आवाज नंतर घालू

तिला नाव होतं, पण ते फारसं कोणी वापरत नसे. ज्या माणसाला मागून हाक मारून उपयोग नाही, त्याचं नाव घरातल्या घरात गंजून जातं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला रोलरवाली म्हणत, कारण ओल्या चादरी ज्या तापलेल्या रोलरमधून इस्त्री होऊन बाहेर पडतात, त्याच्या तोंडाशी ती उभी असायची. त्या मशीनच्या आवाजाने बाकीच्या बायकांची डोकी उठायची, हिला त्याचं काही नव्हतं. मुकादम म्हणायचा, "हिला देवाने याच कामासाठी घडवलंय," आणि आपल्याच विनोदावर आपणच हसायचा. ती त्याचे हलणारे ओठ बघायची आणि मान डोलवायची.

ही मान डोलवण्याची सवय आधीच सांगून टाकलेली बरी. ऐकू न येणाऱ्या माणसाला दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी सांगत असतं. दर वेळी "काय? पुन्हा सांगा," अशी खूण केली तर लोक आधी वैतागतात, मग डोळे मोठे करून सांगतात आणि शेवटी सांगणंच सोडून देतात. म्हणून असं माणूस लहानपणीच मान डोलवायला शिकतं. समोरचा खूश होतो, आपण सुटतो. दिवसातून पन्नास वेळा हे खपून जातं. तिला ते एकदाच महागात पडलं, आणि त्या एका वेळेत तिची मुलगी गेली.

गेली म्हणजे मेली नाही. दोन गल्ल्या सोडून राहत होती, दादाच्या घरी. दादा म्हणजे हिचा सख्खा थोरला भाऊ. हिचा नवराही बहिराच होता, फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा, हसरा गडी. मुलगी पोटात असतानाच तो काविळीने गेला. ही आईकडे परत आली. मुलगी झाली, तिला चांगलं ऐकू येत होतं, पण हिला येत नव्हतं, हीच घरच्यांची काळजी होती. रात्री बाळ रडलं तर हिला कळणार कसं? कोणी हिला विचारलंच असतं तर हिने सांगितलं असतं की ती बाळाच्या छातीवर तळहात ठेवून झोपते, आणि रडणं तोंडात यायच्या आधी छातीत येतं. पण विचारायचं कोणत्या भाषेत?

बाळ काही महिन्यांचं असताना त्याला ताप भरला. दादा आणि वहिनी आले. लग्नाला बरीच वर्षं होऊन त्यांना मूल नव्हतं. आई बराच वेळ बोलली, ओठ लांबलांब करून. दादाने खुणा केल्या: बाळ, ताप, आमच्याकडे, झोप. वहिनीने ओंजळ पुढे केली. हिला वाटलं, ताप उतरेपर्यंत नेतायत. तिने मान डोलवली.

ताप उतरला, बाळ आलं नाही. ती आणायला गेली तर वहिनीने दार अर्धंच उघडलं. आईने तिला हाताला धरून घरी आणलं आणि पुन्हा पुन्हा स्वतःची मान डोलवून दाखवली: तूच हो म्हणालीस ना? मग हिने भांडी आपटली, ही रडली, आठवडाभर जेवली नाही. आईला वाटलं, नवऱ्याचं दुःख आहे, मूल काही मनाविरुद्ध दिलेलं नाही, हळूहळू निवळेल. पुढे पोरगी बोलायला लागली तेव्हा वहिनीला आई म्हणाली आणि हिला आत्या.

आता कोणी म्हणेल, एवढं होतं तर सांगायचं ना आईला. तेच तर होत नव्हतं. आई आणि ती यांच्यात घरच्या खुणा होत्या: जेव, दार लाव, पाणी आलं, पोट दुखतंय, दादा, बाजार. आज आणि आत्ता, एवढ्यापुरत्या. 'तेव्हा मी तुमचं बोलणं समजलेच नव्हते' हे त्या खुणांत कुठून बसवणार? लिहून द्यावं तर आईला अक्षर येत नव्हतं, आणि हिलाही शाळेत अक्षरं घोटून दिली होती, वाक्यं कोणी शिकवली नव्हती. तिच्या ओळखीत दोन्ही बाजूंची भाषा येणारा एकच माणूस होता, बहिऱ्यांच्या शाळेतले मास्तर. तिने त्यांचे पाय धरले होते. मास्तरांनी हातांनी सांगितलं, "घरच्या भांडणात मला ओढू नकोस. उद्या तुझा दादा शाळेत येऊन माझी कॉलर धरेल." भित्रा माणूस, पण वाईट नव्हता.

तर अशा वेळी सिनेमावाले आले.

सिनेमा एका बहिऱ्या मोलकरणीवर होता. आधी त्यात एक नावाजलेली नटी घेतली होती. ती मास्तरांकडे दोन महिने खुणा शिकली, वर्तमानपत्रात त्याचे फोटो आले, आणि तिथेच गाडी अडली. लोक विचारायला लागले, की खऱ्या बहिऱ्या बायका काय मेल्या आहेत? निर्माता घाबरला, नटीने अंग काढून घेतलं आणि दिग्दर्शक खरी बाई शोधत शाळेच्या दारात उभा राहिला. तरुण, दाढीवाला, मनाने चांगला माणूस होता. मास्तरांनी हिचं नाव सुचवलं. लाँड्रीतून रजा मिळाली, कारण मुकादमालाही पडद्यावर एकदा दिसायचं होतं. तो दिसला नाही तो भाग वेगळा.

खरी बाई मिळाली, पण खरी म्हणजे कशी ते त्यांचं आधीच ठरलेलं होतं. पहिल्याच दिवशी मागे पितळी घागर पडायचा प्रसंग होता. घागर पडली, लाकडी जमीन हादरली, हिला तळपायांत कळलं आणि हिने वळून पाहिलं. सगळे ओरडले. मास्तरांनी सांगितलं, "वळायचं नाही. बहिरी माणसं वळत नाहीत." तिने मास्तरांकडे अशी नजर टाकली की मास्तरांनीच मान खाली घातली. पुढच्या सहा वेळा ती घागर पडली आणि ही खांबासारखी उभी राहिली. दिग्दर्शकाने अंगठा वर केला.

मग तो दिवस आला, ज्याच्यासाठी ही सगळी गोष्ट.

सिनेमातल्या मोलकरणीची आई मरायला टेकलेली असते आणि मुलगी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी मनातलं बोलते, असा प्रसंग होता. खोली एवढीशी. खाटेवर एक ज्येष्ठ नटी पांढऱ्या केसांचा टोप घालून पडलेली, पायाशी कॅमेरा, भिंतीला चिकटून चार माणसं. मास्तरांना उभं राहायला जागाच नव्हती, शिवाय त्यांची सावली पडत होती. दिग्दर्शक त्यांना म्हणाला, "तिला सांगा, लिहिलेलं सगळं विसर. ही तुझी आई आहे. उद्या नसणार आहे. तुझ्या मनात जे आहे ते बोल. आणि तुम्ही प्लीज जिन्यावर थांबा."

मास्तरांनी सांगितलं. तिने विचारलं, "माझे हात कोणाला समजणार?"

मास्तरांनी दिग्दर्शकाला विचारलं. तो लाइटकडे बघत म्हणाला, "आवाज नंतर घालू ना. सगळ्यांना ऐकू येईल."

"आईलाही?" तिने विचारलं.

मास्तरांना वाटलं, ही खाटेवरच्या आईबद्दल विचारतेय. असले बारके प्रश्न घेऊन पुन्हा दिग्दर्शकाकडे कुठे जायचं? त्यांनी आपल्याच मनाने उत्तर दिलं, "हो, आईलाही," आणि ते जिन्यावर जाऊन बसले.

ती खाटेजवळ गुडघ्यावर बसली. टोप घातलेली नटी तिला दिसलीच नाही. तिचे हात वर आले आणि बोलायला लागले.

"आई, मी हो म्हटलं नव्हतं. मला तुमचं बोलणं कळलं नव्हतं. मला कधीच कळत नाही, मी नुसती मान डोलवते. मला वाटलं, ताप उतरला की आणून द्याल. ती माझी आहे. ती रडायची तेव्हा मला कळायचं, माझा हात तिच्या छातीवर असायचा. एकदाही ती एकटी रडली नाही. तू मला काही विचारलं नाहीस. तू आयुष्यात माझ्या हातांकडे कधी पाहिलं नाहीस, तोंडाकडेच पाहिलंस, आणि माझ्या तोंडात काही नव्हतं. तू वाईट नाहीस. पण तिला सांग, मी कोण आहे ते. एवढं कर. मग तिला हवं तिथे ती राहू दे."

दिग्दर्शकाला 'कट' म्हणायचं सुचेना. खाटेवरची नटी बेशुद्ध पडलेली असायला हवी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भिंतीजवळच्या चौघांपैकी एक जण नाक शिंकरत बाहेर गेला. "काय चेहरा आहे," दिग्दर्शक म्हणाला. "असा चेहरा अभिनयाने येत नाही." हे त्याचं खरंच होतं. पण ते हात काय म्हणाले, असं त्या खोलीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. हात हलले होते, छान हलले होते, झालं. कॅमेऱ्याने तर ते धडपणे घेतलेही नव्हते, त्याचं सगळं लक्ष डोळ्यांवर होतं.

मास्तर वर आले आणि त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं," ती म्हणाली. "सगळं सांगून टाकलं."

त्यानंतर तिचं वागणंच बदललं. लाँड्रीत ती मधूनच हसायची. रविवारी दादाकडे गेली की पोरगीकडे पूर्वीसारखी चोरून बघायची नाही, निवांत बघायची, जणू काही घाई नाही. पोरगी नऊ वर्षांची झाली होती, समोरचे दोन दात मोठे आले होते, अगदी बापासारखे. आई शेजारणीला म्हणाली, "सिनेमाने माझ्या लेकीला माणसात आणलं."

आणि मग दादाला दूरच्या देशात नोकरी लागली. दादा, वहिनी आणि पोरगी, तिघांनी जायचं, ते पुन्हा कधी येणार त्याचा पत्ता नाही. दादा आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता, आणि आईने मूल देताना त्याच्याकडून वचन घेतलं होतं की पोर माझ्या डोळ्यांसमोर राहील. आता ते वचन सोडायला आई तयार होईना. "त्या मुकीचा जीव अडकलाय पोरीत," ती म्हणायची. "तिच्या मनात काय आहे ते मला कळत नाही. कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." दादा चिडायचा, वहिनी रडायची, आई हलायची नाही. सगळं त्या म्हातारीच्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं.

बॅगा आणि तिकिटं पाहून हिला काय चाललंय ते कळलं, आणि आई मध्ये आडवी उभी आहे हेही कळलं. पण ती घाबरली नाही. सिनेमा लागायची तारीख तिकिटांच्या तारखेआधी होती.

पहिल्या खेळाला सगळ्यांना बोलावलं होतं. आई नवं लुगडं नेसली. दादा, वहिनी, पोरगी, सगळे दुसऱ्या रांगेत बसले. सुरुवातीला दिग्दर्शक स्टेजवर आला. खाली बाजूला मास्तर उभे होते, शाळेतून आलेल्या बहिऱ्या पाहुण्यांसाठी त्याचं बोलणं हातांनी सांगत होते. "या सिनेमात एक प्रसंग आहे," दिग्दर्शक म्हणाला, "ज्यातला एकही शब्द आम्ही लिहिलेला नाही. ते या बाईंचं स्वतःचं बोलणं आहे. आवाज दुसऱ्या कलाकाराचा आहे, पण शब्द यांचे." टाळ्या पडल्या. बहिऱ्या पाहुण्यांनी हात वर करून हलवले. आईने हिच्या पाठीवरून हात फिरवला.

तो प्रसंग आला तेव्हा हिने पडद्याकडे पाहिलंच नाही. एकदा ओझरतं पाहिलं, तेव्हा फक्त स्वतःचा भलामोठा चेहरा दिसला, आणि खाली अधूनमधून बोटांची टोकं. तिला त्याचं काही वाटलं नाही, आवाज घातलाय ना. ती आईकडे बघत होती. पडद्याचा उजेड आईच्या तोंडावर पडला होता. आईचे ओठ थरथरले, मग तिचा सगळा चेहराच मोडला. तिने अंधारात चाचपडत लेकीचे दोन्ही हात शोधले, ओढून घेतले आणि त्यांवर डोकं टेकलं. कळलं आईला. हिच्या छातीवरचं ओझं इतकं पटकन उतरलं की तिला उभंच राहावंसं वाटलं.

खेळ संपल्यावर सगळे बाहेरच्या मोठ्या दालनात आले. फोटो काढणारे, चहाचे कप, नमस्कार. आई हिचा हात सोडून सरळ दादाकडे गेली आणि काहीतरी बोलली. दादाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. वहिनीने तोंडावर हात धरला, मग धावत येऊन हिला मिठी मारली. ही तिच्या खांद्यावरून पोरगीकडे बघत होती, की आता आई तिला हाताला धरून इकडे आणेल.

आई आणेना. हिने मास्तरांना गर्दीतून ओढलं. "आई काय म्हणाली?"

मास्तरांचेही डोळे लाल होते. "म्हणाली, जा घेऊन पोरीला. हिच्या मनात काही नाही, आता माझी काळजी मिटली."

"माझ्या मनात काही नाही?"

"तूच सांगितलंस ना. केवढं मोठं मन तुझं." आणि मास्तरांनी पडद्यावरच्या आवाजाचे शब्द हातांनी म्हणून दाखवले: "आई, तू जे केलंस ते माझ्या भल्यासाठी केलंस. तू माझ्याकडून काही घेतलं असशील तर ते मी तुला केव्हाच दिलं होतं. मनात काही ठेवू नकोस. मला बोलता आलं असतं तर एवढंच बोलले असते."

आवाज घालायची वेळ आली तेव्हा लेखकाने बंद खोलीत तिचा चेहरा पुन्हा पुन्हा पाहिला होता आणि त्या चेहऱ्याला शोभेल असं लिहिलं होतं. ते तिच्या हातांवरूनच उतरवलंय, असं दिग्दर्शक धरून चालला होता. मास्तरांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि बोटांच्या टोकांवरून अर्थ लावायचा म्हटलं तर त्यांनाही तो लागला नसता.

ती जे खरं बोलली होती ते तिने मास्तरांना पहिल्यापासून सांगितलं. ताप, मान, छातीवरचा हात, सगळं. मास्तरांचा चेहरा उतरत गेला. जिन्यावर बसून आपण कशाला हो म्हटलं तेही त्यांना आता आठवलं असावं. पण त्या दिवशी ते पळाले नाहीत. ते आईपुढे जाऊन उभे राहिले.

"काकू, ती तसं बोललीच नव्हती," ते म्हणाले, आणि एकेक वाक्य त्यांनी मोठ्याने सांगितलं. शेजारी ती पुन्हा तेच हातांनी बोलत होती, डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"मास्तर, आजच कशाला हे?" दादा पुढे आला.

आईने त्याला हातानेच थांबवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग लेकीकडे पाहिलं, पोर दुरावणार म्हणून रडतेय असं समजून तिचे डोळे पुसले, आणि शांतपणे म्हणाली, "मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं. पण इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मी माझ्या लेकीला ऐकलं. भर थिएटरात ऐकलं. ते साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, शब्द तिचेच. तुम्ही आत्ता जे बोललात ते शब्द कोणाचे, मला काय ठाऊक?"

"अहो, तिचेच. तिला विचारा ना."

"कसं विचारू?" आई म्हणाली.

दिग्दर्शक चार हातांवरच होता, पुढ्यात दोन माइक धरलेले. आई तशीच त्याच्यापाशी गेली. "साहेब, ते माझ्या मुलीचंच बोलणं होतं ना?"

त्याने वाकून तिचे दोन्ही हात हातात घेतले. फोटो निघाले. "आजी," तो म्हणाला, "त्यातला शब्द न् शब्द तिचा आहे." त्याचा त्यावर विश्वास होता, हीच त्यातली वाईट गोष्ट. मास्तर त्याच्या कानाशी लागले, तर तो म्हणाला, "उद्या बोलू सर, आता पाहुणे आहेत," आणि माइककडे वळला.

हिला ते शब्द कोणी सांगितले नाहीत. तिने आईचा चेहरा पाहिला, तेवढं पुरलं. इतका निश्चिंत चेहरा तिने आईचा कधी पाहिला नव्हता. मास्तरांनी काहीतरी सांगायला हात उचलले, तर तिने ते धरून खाली केले.

बाहेर दादाने टॅक्सी थांबवली होती. बॅगा भरायच्या होत्या, वेळ थोडा होता. वहिनी आधी बसली. पोरगी बसता बसता थांबली आणि आत्याकडे बघून तिने हात हलवला. ती खूण कोणाला शिकवावी लागत नाही. तिनेही हात वर करून हलवला. आई तिच्या शेजारी उभी राहून तीच खूण करत होती, टॅक्सी वळेपर्यंत.